ओपांच्या हाताखाली: उझबेक घरगुती स्वयंपाक शिकू पाहणाऱ्यांसाठी

ओपांच्या स्वयंपाकघरात मोजमापाचा एकच शब्द चालतो: ‘चामालाब’. म्हणजे अंदाजानं. मीठ किती? चामालाब. पाणी किती? चामालाब. ओपा मूळच्या समरकंदच्या, आता ब्रुकलिनमध्ये राहतात. मी क्वीन्सला राहते आणि गेली दोन वर्षं महिन्यातले एक-दोन रविवार त्यांच्या हाताखाली काढते. ‘ओपा’ म्हणजे थोरली बहीण, आपण ताई म्हणतो तसं. उझबेकमध्येही ‘सेन’ आणि ‘सिझ’ असा तू-तुम्हीचा भेद आहे. वयानं मोठ्या बाईला नावानं हाक मारायची नाही आणि ‘सेन’ तर मुळीच म्हणायचं नाही, एवढं पहिल्या दिवसापासून सांभाळा.

पलोव, म्हणजे उझबेक पुलाव, कसा करायचा हे दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. तरी मी सांगेन, की परदेशात येऊन राहिलेल्या बाईकडून शिका. ताश्कंदच्या अंगणात बसून करणारा आचारी देवझिरा तांदूळ घेतो, पिवळी गाजरं घेतो, दुंब्याची, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढीची, चरबी घेतो, खाली लाकडाचा जाळ असतो. तुमच्या घरी यातलं काहीच नसतं. ओपांच्याही घरी नव्हतं. कोणत्या वस्तूच्या जागी काय घेतलं की चव टिकते आणि कुठे तडजोड चालत नाही, हे त्यांनी कित्येक पातेली बिघडवून शोधून काढलं आहे. ते ज्ञान समरकंदमध्ये राहिलेल्या त्यांच्या बहिणीकडेही नाही. शिकायचं आहे ते हेच.

कुणाकडे जायचं आणि कसं विचारायचं

न्यू यॉर्कमध्ये ब्रुकलिनचा शीप्सहेड बे आणि ब्रायटन बीचचा भाग, क्वीन्समध्ये रेगो पार्क आणि फॉरेस्ट हिल्स इथे उझबेकिस्तानातून आलेली पुष्कळ घरं आहेत. क्वीन्समधली बरीचशी बुखारी ज्यू, म्हणजे मध्य आशियातल्या ज्यूंची कुटुंबं, सोव्हिएत संघ मोडला त्या सुमारास आलेली. ब्रुकलिनमध्ये नंतर ग्रीन कार्डच्या लॉटरीतून आलेले मुस्लिम उझबेक अधिक. मॉस्को, इस्तंबूल, सोल इथेही अशा वस्त्या आहेत. शोध सुरू करायचा तो हॉटेलातून नाही, किराण्याच्या लहान दुकानातून किंवा तंदूर असलेल्या बेकरीतून. चार-सहा आठवडे तिथून नान आणि सोमसा (तंदूरात भाजलेला त्यांचा समोसा) घ्या, ओळख होऊ द्या, मग विचारा: घरी स्वयंपाक करून देणारी कुणी बाई आहे का? अशा बायका असतातच. लग्नाला, बारशाला घरून मान्ती, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या मोदकासारख्या पुड्या, करून देतात. ज्या बाईच्या हाताला चव असते तिला तिथे ‘पाझांदा’ म्हणतात आणि तिच्याबद्दल ‘कोली शिरिन’ असं सांगतात, हात गोड आहे. दुकानदाराकडून हे दोन शब्द ऐकू आले की पत्ता बरोबर लागला.

पैशांचं आधी बोला. ती ‘नको, नको, पाहुणे आहात’ म्हणेल आणि मनापासून म्हणेल, पण तिचा रविवार हा तिच्या कमाईचा दिवस असू शकतो. मी तासाचे पैसे ठरवले, सामानाचे वेगळे दिले, आणि दोन्ही पाकिटात घालून आल्याआल्या दिले. निघताना दारात नोटा मोजत उभं राहणं दोघींनाही अवघड होतं.

मांसाचंही तेव्हाच स्पष्ट करा. उझबेक घरांत मटणाइतकंच बीफही रोजचं असतं आणि ‘काझी’ नावाचा सॉसेज घोड्याच्या मांसाचा असतो. तुम्हाला जे चालत नाही ते पहिल्या फोनवर सांगा. ताट समोर आल्यावर सांगितलं तर तिला अपमान वाटतो आणि तो वाटणं योग्यच आहे. मांस तुम्ही नेणार असाल तर मुस्लिम घरी हलाल दुकानातलंच. बुखारी ज्यू घर असेल तर कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे धर्मनियम, पाळणारं आहे का ते विचारा; त्यात मांस आणि दूध-दही एकत्र चालत नाही. असेल तर घरून शिजवलेलं काहीही नेऊ नका, मटणाच्या दिवशी दह्याचा विषय काढू नका, आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र हा वेळ मागू नका. रमझानमध्ये सहसा शिकायला जाऊ नये. एखाद्या दिवशी इफ्तारला बोलावलं तर मात्र आवर्जून जा.

पूर्ण शाकाहारी असाल तर तेही सांगा. पलोवचा आत्मा मटणाच्या चरबीत आहे, त्याला पर्याय आहे असं मी खोटं सांगणार नाही. पण भोपळ्याच्या मान्ती, पालेभाजीचे सोमसे, मुगाची खिचडी, टोमॅटो-कांद्याचं अचिचुक आणि नान एवढ्यावर सहा महिने सुखानं शिकता येतं.

थोडे शब्द

ओपांनी फोनवर ‘दोन किलो सब्झी आणा’ म्हटलं तर भाजी नाही आणायची, गाजरं आणायची. उझबेकमध्ये सब्झी म्हणजे गाजर. पियोझ म्हणजे कांदा, गुरुच तांदूळ, गोश्त मांस, तुझ मीठ, सुव पाणी. झिरा म्हणजे जिरं, पण त्यांचं जिरं बारीक, काळपट आणि वासाला आपल्या शहाजिऱ्याकडे झुकणारं. मोश म्हणजे मूग. शिवित म्हणजे शेपू, आणि शेपू पाहून नाक न मुरडणाऱ्या मराठी माणसाला त्या घरात लगेच जागा मिळते. ‘ओझगिना’ म्हणजे थोडंसं, ‘बोल्दी’ म्हणजे झालं, पुरे. हे दोन शब्द कानाला ओळखीचे झाले की निम्मी शिकवणी कळते.

मला सगळ्यात आनंद झाला तो ‘चक्का’ ऐकून. दही फडक्यात बांधून टांगलं की जे उरतं त्याला उझबेकमध्ये ‘सुझ्मा’ म्हणतात, पण समरकंद-बुखाऱ्याकडच्या ताजिक बोलणाऱ्या घरांत चक्काच म्हणतात. ओपांच्या नळाला लटकलेली ती पुरचुंडी पाहून मला आईचं श्रीखंडाच्या आदल्या रात्रीचं स्वयंपाकघर आठवलं. तिथे त्यात साखर पडत नाही. मीठ, लसूण आणि बारीक चिरलेला शेपू पडतो.

पहिला दिवस: हात मागे, वजनकाटा पुढे

पहिल्या दिवशी काहीही करायला मागू नका. कांदा सोलायला दिला तर सोला. एरवी शेगडीच्या उजव्या बाजूला, तिच्या कोपराला न लागता उभं राहा. बरोबर वही आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा न्या.

‘किती?’ असं विचारू नका. त्यांचा हात थांबतो, त्या विचार करू लागतात आणि मग सांगतात ते प्रमाण चुकतं, कारण त्यांना ते आकड्यात माहीतच नाही. त्याऐवजी मिठाचा डबा सुरुवातीला काट्यावर ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा ठेवा. फरक म्हणजे त्यांची चिमूट. तेलाची बाटली, जिऱ्याची बरणी, पाण्याची किटली, सगळ्याचं असंच. एकाच पदार्थाची तीन रविवारांची वजनं लिहून काढली तेव्हा मला दिसलं, की ओपांचं मीठ तिन्ही वेळा जवळजवळ तेवढंच होतं, पाणी मात्र दर वेळी वेगळं. तांदूळ किती जुना, किती भिजलेला, यावर ते ठरत होतं. कोणतं माप पाठ करायचं आणि कोणतं डोळ्यांनी ठरवायचं, हे मला त्या तीन पानांनी शिकवलं.

ओश

पलोवला घरात ‘ओश’ म्हणतात. २०१६ मध्ये युनेस्कोनं उझबेकिस्तानच्या पलोवची परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. लग्नाचा ओश पुरुष आचारी मोठ्या कढईत रांधतात, तो शेकडो माणसांना पहाटेच वाढला जातो. घरचा ओश बायका करतात. प्रत्येक गावाची रीत निराळी: फरगाण्याचा तांबूस देवझिरा तांदळाचा आणि सगळं एकत्र कालवलेला, बुखारी ज्यूंचा ‘बाख्श’ कोथिंबीर आणि कलेजी घालून हिरवागार, आणि समरकंदचा थरांचा, शेवटपर्यंत न ढवळलेला. मी शिकले तो समरकंदचा.

पाच-सहा जणांसाठी तांदूळ, गाजर आणि मटण तिन्ही अर्धा-अर्धा किलो, कांदे दोन मध्यम, तेल १२० ते १५० मिली, जिरं एक मोठा चमचा, लसणाचे एक-दोन अखंड गड्डे, एक-दोन अख्ख्या मिरच्या, मूठभर रात्री भिजवलेले छोले, मूठभर बेदाणे. तेल पाहून घाबरू नका आणि कमीही करू नका, त्या तेलातच भाताचा दाणा मोकळा राहतो. कमी खायचं असेल तर एक वाढप कमी घ्या.

भांडं जाड बुडाचं हवं. त्यांचं कझान म्हणजे गोल बुडाची बिडाची खोल कढई. घट्ट झाकणाचं बिडाचं पातेलं चालतं, पातळ स्टीलचं चालत नाही. तांदळासाठी बासमती ओपा हातात धरत नाहीत, कारण लांब दाणा मोडतो आणि पुरेशी चरबी पीत नाही. त्या इथला मध्यम दाण्याचा कॅलरोज घेतात, कधी अर्धा उकडा मिसळतात. पुण्याला आईकडे मी जुन्या कोलमचा केला, तो चांगला झाला. इंद्रायणी घेऊ नका, गोळा होतो.

तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत धुवा, सहा-सात पाण्यांत, आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. गाजर किसायचं नाही. काडेपेटीतल्या काडीपेक्षा जाड अशा कापा सुरीनं करायच्या. यात पहिल्यांदा पाऊण तास जातो, जाऊ द्या. किसलेलं गाजर शिजून विरघळतं, तळाशी लागतं आणि भात चिकट करतं. मिक्सरच्या भांड्याचा शॉर्टकट मी एकदा नेला होता. ओपांनी काही न बोलता ते गाजर बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या सूपमध्ये घातलं.

आता क्रम. तेल धूर निघू लागेपर्यंत तापवा. मटणाचे मोठे तुकडे, मुठीएवढे, हाडासकट घाला आणि सगळ्या बाजूंनी खरपूस तांबूस करा. मग उभा चिरलेला कांदा, तो सोनेरी झाला की पुढे. ओशचा रंग इथेच ठरतो: कांदा फिका राहिला तर भात फिका, जळला तर कडू. हळद नाही, गरम मसाला नाही, आलं नाही. कांद्यावर छोले आणि गाजराच्या कापा सारख्या पसरा. वर अर्धं जिरं तळहातावर चुरडून घाला, आणि मीठ. इथून पुढे ढवळणं बंद. कडेनं उकळतं पाणी सोडा, गाजर जेमतेम बुडेल एवढं. लसणाचे गड्डे बाहेरची मळकी सालं काढून अखंड खोचा, मिरच्या न मोडता ठेवा. या सगळ्याला ‘झिरवाक’ म्हणतात. तो मंद आचेवर झाकण न लावता पाऊण ते एक तास शिजतो. चाखून पाहा: झिरवाक तुम्हाला थोडा खारट लागला पाहिजे, कारण तांदूळ अजून यायचा आहे.

मटण मऊ झालं की तांदूळ निथळून गाजरावर सपाट पसरा. बेदाणे आणि उरलेलं जिरं घाला. उकळतं पाणी झाऱ्यावरून ओता, म्हणजे थर फुटत नाही. पाणी तांदळाच्या वर साधारण दीड सेंटिमीटर राहावं. आच मोठी करा. पाणी दिसेनासं होईपर्यंत झाकायचं नाही, हलायचं नाही. माझा पहिला ओश इथेच बिघडला होता: घाई करून झाकण ठेवलं, वरचा तांदूळ कच्चा आणि खालचा पिठूळ झाला.

पाणी आटलं की आच एकदम बारीक. झाऱ्यानं तांदूळ कडांकडून मध्ये ओढून ढीग करा, गाजराला धक्का न लावता. लाटण्याच्या टोकानं तळापर्यंत सहा-सात भोकं पाडा, वाफ त्यातून वर येते. ढिगावर एक ताट उपडं घाला, वर फडकं गुंडाळलेलं झाकण. वीस-पंचवीस मिनिटं दम. विजेच्या शेगडीवर बुड लागतं, म्हणून ओपा या वेळी पातेल्याखाली जुना तवा ठेवतात. ही युक्ती त्यांना समरकंदमध्ये कधी लागली नव्हती.

वाढताना मोठ्या ताटात, लगानमध्ये, आधी भात, मग गाजर, मग मटणाचे तुकडे कापून वर. शेजारी अचिचुक: टोमॅटो आणि कांदा कागदासारखा पातळ, कांदा थंड पाण्यात चोळून धुतलेला, हिरवी मिरची, मीठ. तेल-लिंबू काही नाही. बरोबर गरम हिरवा चहा. ओशवर थंड पाणी पिऊ देत नाहीत.

मान्ती

मान्तीच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर अर्धी वाट आधीच चाललेलं आहे. मोदकपात्र काढा. अर्धा किलो मैदा, एक अंडं, दीड चमचा मीठ आणि लागेल तसं पाणी घेऊन पुरीच्या कणकेहून घट्ट भिजवा आणि चाळीस मिनिटं झाकून ठेवा. सारणासाठी मटण सुरीनंच चिरायचं, खिमा नको. खिम्याचा गोळा होतो आणि आत रस राहत नाही. मटणाच्या जवळजवळ बरोबरीनं बारीक चिरलेला कांदा, थोडी चरबी, जिरं, मिरपूड, मीठ. कांदा कमी केलात तर मान्ती कोरडी होते. भोपळ्याच्या मान्तीत मटणाऐवजी लाल भोपळ्याचे बारीक तुकडे, कांदा आणि लोणी. भोपळा गोड नसेल तर चिमूटभर साखर.

पोळी दोन मिलिमीटर लाटून दहा सेंटिमीटरचे चौकोन कापा. सारण मध्ये, समोरासमोरची टोकं जोडा, मग उरलेली दोन, शेवटी खालचे कान दोन-दोन एकत्र चिकटवा. मोदकाच्या कळ्या करणाऱ्या बोटांना हे पहिल्याच दिवशी जमतं. ओपांनी माझे हात पाहून विचारलं, हे कुठे शिकलीस? मी फोनवर गणपतीच्या ताटाचा फोटो दाखवला. त्यांनी तो आपल्या मुलीला पाठवला.

प्रत्येक मान्तीचं बूड तेलात बुडवूनच चाळणीवर ठेवा, नाहीतर उचलताना फाटते. पाण्याला आधण आल्यावरच भांडं चढवा आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उकडा. मोदकापेक्षा फार जास्त वेळ लागतो, कारण आत कच्चं मटण असतं. भोपळ्याच्या अर्ध्या तासात होतात. लसणाच्या चक्क्याबरोबर वाढायच्या.

मोशकिचिरी

नाव मोठ्यानं म्हणून पाहा. मुगाची खिचडीच आहे ती. तिथे ती थंडीतलं घरचं जेवण आहे, पाहुण्यांसमोर मांडायची नाही, म्हणून हॉटेलात क्वचितच मिळते. ओपांना ती करायला सांगितली तेव्हा त्या आधी संकोचल्या. मागा, नक्की मागा. बाई मनानं घरी असली की असंच जेवण करते.

सालाचा अख्खा मूग एक वाटी, तांदूळ वाटीभरच. तेलात कांदा, हवं तर मटणाचे लहान तुकडे, मग गाजराचे चौकोनी तुकडे परता. जिरं, मूग, पाच-सहा वाट्या पाणी. मूग फुटून उलला की मगच तांदूळ आणि मीठ. आपण दोन्ही एकत्र टाकतो, इथे तसं नाही. आसट शिजवा, अधूनमधून ढवळा, शेवटी दहा मिनिटं दम. वर दही किंवा चक्का. मोहरीची फोडणी द्यायला हात शिवशिवतील, पण निदान पहिल्या वेळी देऊ नका.

दस्तरखानावर

दस्तरखान म्हणजे जेवायला पसरायचं कापड. तिथे नानला सुरी लावत नाहीत, हातानं तोडतात, आणि कधीही उपडं ठेवत नाहीत. चहा पियोल्यात, म्हणजे कान नसलेल्या वाटीसारख्या कपात, ओतण्याआधी यजमानीण तीनदा ओतून पुन्हा चहादाणीत टाकते. तुमचा पियोला अर्धाच भरला तर तो मान आहे: पुन्हापुन्हा वाढायला मिळावं म्हणून. काठोकाठ भरला तर उठायची वेळ झाली. ‘ओलिंग, ओलिंग’ म्हणजे घ्या, घ्या. हा आग्रह आपल्या पंगतीसारखाच असतो, म्हणून पहिल्यांदा थोडंच घ्या. जेवणानंतर सगळे हात पुढे धरून प्रार्थना करतात आणि चेहऱ्यावरून हात फिरवतात. तोपर्यंत उठू नका.

पाच-सहा वेळा शेजारी उभं राहून झालं की ओश तुमच्या घरी करा आणि ओपांना जेवायला बोलवा. त्या वेळी वजनं लिहिलेली वही बंद ठेवा. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी आधी फक्त भाताचा एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, ‘कांदा अजून दोन मिनिटं.’ मग लगान स्वतःकडे ओढून मटण कापायला घेतलं. पुढच्या रविवारी नान करायचं ठरलं आहे. पीठ मी न्यायचं आहे, वरून लावायची कलौंजी त्यांच्याकडे आहे.